उपयोगबाई

उपयोगबाईंना माणसाची कीव करता येत नसे. कुणी त्यांच्यापुढे रडायला लागलं, तर त्या त्याच्याकडे चुकलेल्या उत्तराकडे बघावं तशा बघत. जर्मन नाम आलं की तीन गोष्टी एका दमात सांगायच्या, लिंग, अर्थ आणि उपयोग, हा त्यांचा नियम. पहिल्या दोन बरोबर आल्या आणि तिसरीला अडखळलं, तरी उभं राहावं लागे. उपयोग म्हणजे स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. त्यांचं खरं नाव चांगलं गोड होतं, पण ते आमच्यापैकी कुणीही कधी तोंडाने घेतलं नाही.

जव्हारच्या बाजारात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरे. आम्ही सगळ्या नर्सिंग झालेल्या मुली, कुणी दाभोशाची, कुणी मोखाड्याची, मी सूर्यमाळची. मुंबईच्या एका संस्थेने सांगितलं होतं की जर्मनची परीक्षा पास व्हा, तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरी पक्की. आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरावा लागतो, आणि आईचे गुडघे गेलेले. मला ती नोकरी हवीच होती. खाली गिरणी सुरू झाली की वर आम्हाला डेर, डी, डास ही नामांची लिंगं ओरडून म्हणावी लागत, त्यामुळे ही भाषा आम्ही भांडल्यासारखी शिकलो. इथे जर्मनीत आल्यावर पहिले कित्येक दिवस सगळे मला हळू बोल म्हणून सांगत होते.

बाई लग्नानंतर काही वर्षं जर्मनीत राहिल्या होत्या. नवऱ्याने महिनाभर माहेरी जाऊन ये म्हणून तिकीट काढून दिलं आणि नंतर फोनच उचलला नाही. हे जव्हारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे बाईंनाही ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर 'डेर मान' लिहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लिंग, पुल्लिंग. अर्थ, नवरा. उपयोग, अजून सापडलेला नाही. चला, पुढचा शब्द." आम्ही हसावं की नाही तेच कळेना. वनिता हसली आणि तिला उभं राहावं लागलं.

आश्रमशाळेत आमच्या मराठीची पुरेशी टिंगल झालेली होती. घरी वेगळं बोलायचं, शाळेत वेगळं, आणि 'तो पाणी' म्हटलं की हातावर पट्टी. तीच भीती घेऊन आम्ही जर्मनला बसलो. बाईंनी ती बरोबर ओळखली, पण समजूत काढली नाही. "एकदा दुसऱ्यांची भाषा पाठ केलीत ना? मग पुन्हा करा. दुसऱ्यांदा रडायचं काही कारण नाही," म्हणाल्या. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी; शहरातून आलेली एक मुलगी त्याला पुल्लिंगी म्हणून चुकत राहिली, कारण तिला आपल्या मराठीची खात्री होती. आम्हाला कसलीच खात्री नव्हती, म्हणून आम्ही मुकाट्याने पाठ करत गेलो.

खरी पंचाईत उपयोगाची. जर्मन पुस्तकातल्या माणसांना सुट्टी असते, छंद असतो, घराला बाल्कनी असते. 'डेर उरलाउब' म्हणजे सुट्टीतला प्रवास. दाभोशाची वनिता उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, "आमी दिवाळी झाली का भिवंडीला जातो, बाई. भट्टीवर, ईटा पाडायला."

"समुद्रावर गेलो होतो म्हण."

"समुद्र आमी नाय पाहला."

"तुझा समुद्र तपासायला परीक्षक येणार नाही. खरं बोलायचं असेल तर कोर्टात जा, इथे वाक्य पूर्ण कर."

वनिताने वाक्य पूर्ण केलं. तिच्या सगळ्या घरादाराने समुद्रावर आइस्क्रीम खाल्लं. 'डी वोनुंग' म्हणजे राहतं घर, ते माझ्या वाट्याला आलं. मी विचारलं, कुडाच्या घराला बाल्कनी कुठून लावू. बाई म्हणाल्या, "तोंडाने लाव." मग मी बाल्कनी लावली, तिच्यात दोन कुंड्या ठेवल्या. संध्याकाळी पाड्यावर परत गेले तेव्हा आई दाराशी नागली पाखडत बसली होती, आणि मला उगाचच तिची लाज वाटली. त्या लाजेबद्दल मी बाईंना अजून माफ केलेलं नाही.

मग एक दिवस 'डी गेश्विस्टर' आला. भावंडं. मी उभी राहिले आणि जमेल तशा जर्मनमध्ये म्हणाले की मला एक भाऊ होता.

"होता म्हणजे?"

"मेला. साप चावला. जीप मिळेपर्यंत उशीर झाला, वाटेतच गेला." हे मी मराठीत सांगितलं. सुन्या दहा वर्षांचा होता.

बाईंनी खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी त्या बस म्हणतील. त्या म्हणाल्या, "मेला म्हणालीस तर पुढचा प्रश्न येतो, कसा. साप, विष, जीप, उशीर, यातला एक तरी शब्द तुला जर्मनमध्ये येतो? तिथे तोंड बंद पडलं की नापास. जिवंत ठेव त्याला."

खाली गिरणी चालू होती.

"काय खेळतो तो?" बाईंनी जर्मनमध्ये विचारलं.

"गलोल मारतो," मी म्हणाले. मारायचा असं म्हणायचं होतं.

"गलोल तुला झेपणार नाही. फुटबॉल खेळतो. म्हण."

मी म्हटलं. मला एक भाऊ आहे, तो दहा वर्षांचा आहे, त्याला फुटबॉल आवडतो. गिरणीच्या वर आवाज चढवून म्हटलं, तोंडात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हटलं. जिना उतरताना वनिता म्हणाली, "बाई नाय ही, हडळ हाय."

परीक्षेत पहिलाच प्रश्न भावंडांचा आला. माझं वाक्य पाण्यासारखं वाहिलं. परीक्षक बाई प्रेमाने हसल्या आणि त्यांनी त्याचं नाव विचारलं. नाव विचारतील याची तयारी आम्ही केली नव्हती. मी सुनील म्हणाले, आणि त्यानंतर काय बोलले ते मला आठवत नाही. पण पास झाले. निकाल सांगायला गेले तेव्हा बाई फळा पुसत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "म्हणजे त्याचा उपयोग झाला." त्या वेळी हातात काही असतं तर मी त्यांच्या पाठीत घातलं असतं. आणि हेही खरं की त्यांच्याइतकं माझ्यासाठी दुसऱ्या कुणीच घसा कोरडा केला नव्हता.

निघायच्या दिवशी बाई जव्हारच्या स्टँडवर आल्या. शुभेच्छा वगैरे काही नाही. आमच्या बॅगा उघडायला लावल्या, आईने बांधून दिलेले नागलीचे पापड बाहेर काढले आणि म्हणाल्या, "चुरा होईल यांचा. त्यापेक्षा मीच खाते." आई काकुळतीने बघत राहिली. बस सुटल्यावर खिडकीतून पाहिलं, तर बाई स्टँडच्या खांबाला टेकून कच्चाच पापड मोडून खात होत्या आणि आमच्या बसकडे बघत होत्या. पुढे संस्थेने वर्ग बंद केला. बाई जव्हार सोडून गेल्या. कुणी नाशिक सांगतं, कुणी बडोदा. त्यांचा नंबर लागत नाही.

इथे वृद्धाश्रमात माझ्या मजल्यावर एक ओमा होती. ओमा म्हणजे आजी. पहिल्या दिवशी तिने विचारलं, भावंडं किती? मला न अडखळता येणारं ते एकच उत्तर होतं, ते मी देऊन टाकलं. मग ती रोज सुनीलची चौकशी करायला लागली. तिच्यापायी तो वर्षागणिक मोठा होत गेला, दहावी झाला, त्याला मिसरूड फुटलं. एका रविवारी मी आईशी व्हिडिओवर बोलत होते. ओमा शेजारून डोकावली, आईला हात केला आणि विचारलं, सुनील कसा आहे?

आईला त्यातलं फक्त नाव कळलं. "ती काय सांगं?" ती म्हणाली. "सुन्याचा नाव कसा घेतला तिनी?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं. म्हणाले, "सुन्या कसा आहे विचारते."

आईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "सांग तिला, बरा आहे. मोठा जाला."

मी ते ओमाला जर्मनमध्ये सांगितलं. एकही चूक झाली नाही. त्या वेळी मी बाईंना मनातल्या मनात येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या.

ओमा गेल्या हिवाळ्यात वारली. आईला मी ते सांगितलेलं नाही. पाड्यावर सुन्याचं नाव आता कुणी काढत नाही, म्हणून दर रविवारी फोन ठेवायच्या आधी आई विचारते, "म्हातारी इचारत होती का सुन्याला?" गेली म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार. त्याचं उत्तर द्यायला लागतील ते सगळे शब्द आता माझ्याकडे आहेत, जर्मनमध्येही आहेत. मी म्हणते, "हो, रोज विचारते."