मकबरा न पाहिलेला माणूस

जगात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं एकाच गावात आहे आणि उरलेलं जग म्हणजे त्या गावाची कमीअधिक फसलेली नक्कल आहे, असं ठाम मत असलेले एक गृहस्थ बहरीनमध्ये, नईम भागातल्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. माझी मुलं त्यांना ‘वरचे काका’ म्हणतात. मुलांचं ऐकून मी म्हणू लागलो, माझं ऐकून खालचा मलबारी दुकानदारही म्हणू लागला. काका एका मोठ्या इमारतीच्या एसी प्लांटवर सुपरवायझर आहेत. बहरीनमध्ये येऊन त्यांची उभी हयात गेली, पण गाव विचारलं की छाती दोन इंच पुढे येते आणि उत्तर येतं, “औरंगाबाद!” गावाचं नाव आता बदललंय, हे त्यांना माहीत आहे. पण जिभेला लागलेलं वळण काही बदलत नाही.

पहिल्या आठवड्यातच ते आम्हाला बाब अल बहरीन दाखवायला घेऊन गेले. आम्ही नवे, उत्साहाने फोटो काढत होतो. काका कमरेवर हात ठेवून त्या दरवाज्याकडे एखाद्या उनाड विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत उभे. “दरवाजा म्हणायलेत ह्याला. आमच्या भडकल दरवाज्यातून हत्ती जायचा, हत्ती! अन् असे बावन्न दरवाजे.” बहरीनच्या किल्ल्यावर नेलं तेव्हा त्यांनी चारही दिशांना नजर फिरवून मला विचारलं, “डोंगर कुठाय?” मी म्हटलं, इथे डोंगर नाही. “मग किल्ला कशावर हाय? दौलताबाद बगा एकदा.” सीफमधल्या झगमगत्या मॉलमध्ये त्यांना गुलमंडीची मजा नाही आणि इथल्या बिर्याणीत नानखलियाची. पण हे सगळं किरकोळ. काकांच्या श्रद्धेचा खरा विषय म्हणजे बीबीचा मकबरा. तिथे कुणी चुकून ‘मिनी ताजमहाल’ म्हणालं तर त्या माणसाचा चहा बंद. काकांच्या मते ताजमहाल ही रंगीत तालीम होती.

या अभिमानामागे एक काळजी होती, आणि ती ते लपवतही नसत. त्यांची एकुलती एक लेक प्रज्ञा. जन्म इथला, शाळा इथली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. गुणी पोरगी, हातात कायम पेन्सिल. बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचं तिने पक्कं केलं होतं आणि काकांनी मनाशी पक्कं केलं होतं, की ते शिक्षण औरंगाबादलाच व्हायचं. “आपण तर जन्मभर बाहेर राहिलो,” ते मला म्हणत, “निदान पोरीला तरी गावाची ओढ लागू द्या. नाहीतर आमच्यानंतर त्या गावात आमचं कोण?” प्रज्ञाच्या यादीत अहमदाबाद होतं, दिल्ली होती. औरंगाबाद नव्हतं. कुणी “व्हेअर आर यू फ्रॉम?” विचारलं की ती सरळ “नईम” म्हणून मोकळी होई. तेव्हा काका खिडकीबाहेर बघत बसत.

अशात ईदच्या सुट्टीत उझबेकिस्तानला जायचं निघालं. कल्पना प्रज्ञाची. तिला तिथले घुमट आणि मदरसे बघून स्केचेस करायची होती. आम्हा सगळ्यांना वाटलं, काका मोडता घालतील. पण ते लगेच तयार! जिन्यात गाठून मला कानात म्हणाले, “जाऊ द्या की. तिथलं बघितलं की कळंल तिला, आपल्याकडं काय माल हाय ते.” तर अशी ही दोन कुटुंबांची फौज, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेऊन, शारजाला विमान बदलून ताश्कंदला आणि तिथून खिव्याला पोचली.

आमची गाइड दिलनोझा नावाची हसरी मुलगी होती आणि हिंदी मालिका बघून शिकलेलं तिचं हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. तिने खिव्याच्या जुन्या शहराच्या मातीच्या तटापुढे उभं राहून सांगितलं, की याला चार दरवाजे आहेत. काका नुसते हसले. “चार? बेटा, हमारे यहाँ बावन हैं.” पुढे एक बुटका, जाडजूड, निळ्या-हिरव्या फरश्यांनी मढवलेला मनोरा होता. बांधणारा खान वारला आणि काम तिथेच थांबलं, असं तिने सांगितलं. काका म्हणाले, “हमारे यहाँ काम पूरा करके छोडते.” त्यावर काकांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शांतपणे म्हणाल्या, “अन् आपल्या गल्लीतली गटार?” वहिनी जालन्याच्या. त्या कमी बोलतात, पण ज्या वेळी बोलतात ती वेळ अचूक असते.

बुखाऱ्यात तो प्रचंड कल्याण मिनार बघून मी तर टोपी सांभाळत मागे झुकलो. दिलनोझाने सांगितलं की चंगीझखानसुद्धा याच्यापुढे थबकला होता. काका थबकले नाहीत. “एकच? आमच्या मकबऱ्याला चार हायेत.” तिथल्या जुन्या हौदाकाठी, तुतीच्या झाडाखाली चहा पितानाही त्यांना चैन नव्हती. पाणी नुसतंच उभं होतं. पाणचक्कीसारखं वरून कोसळत नव्हतं, आणि झाडही वडाचं नव्हतं. गोल नान मात्र त्यांना आवडला. पण तेही, थेट शहागंजच्या भट्टीतला वाटला म्हणून. दोन दिवसांत दिलनोझा इतकी तयार झाली, की कुठल्याही इमारतीपुढे थांबली की आधी काकांकडेच वळून विचारायची, “अंकल, आप के वहाँ क्या है?” काकांचं झालं की मग तिचं सुरू. प्रज्ञा या सगळ्यात मान खाली घालून चित्रं काढत असे आणि काका प्रत्येक बढाईनंतर चोरून तिच्याकडे बघत. ते सांगत होते गाइडला, पण ऐकवत होते लेकीला.

समरकंदला बीबी खानमची भव्य मशीद आली आणि काकांना स्फुरण चढलं. “हिथंबी बीबी!” त्यांनी तपशील विचारून घेतला. बादशहाच्या बेगमेच्या नावाची, असं कळल्यावर म्हणाले, “बायकोसाठी कुणीबी बांधतं. आमचा मकबरा पोरानं आईसाठी बांधलाय. आईसाठी बांधणारा दाखवा!” वहिनींनी विचारलं, “तुम्ही कुणासाठी काय बांधलंय?” त्यावर काकांना एकाएकी घुमटाच्या निळ्या रंगात रस निर्माण झाला.

आणि मग आम्ही तैमूरच्या कबरीपाशी गेलो. आत सगळा सोन्याचा उजेड, वर फुलांची नक्षी, आणि मधोमध काळसर हिरव्या दगडाची एक शिळा. सगळे आपोआप हळू बोलू लागले. दिलनोझा म्हणाली, की ही नुसती खूण आहे, खरी कबर खाली तळघरात. प्रज्ञाने पेन्सिल थांबवली. संपूर्ण प्रवासात तिने पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, “बाबा, इन युअर मकबरा, व्हेअर इज द ग्रेव्ह? अप हिअर ऑर बिलो?”

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला होता. “वर! आपल्याकडं असली लपवालपवी नाही. आत गेलं की समोर हा एवढा उंच चौथरा, त्याच्यावर कबर. मान वर करून बघावं लागतं.” त्यांनी हात उंच करून दाखवला आणि प्रज्ञाने वहीत तो चौथरा काढायलाही घेतला.

“वर कुठं?” वहिनी म्हणाल्या. “खाली हाय की. कठड्यावरून वाकून बघायचं. आम्ही शाळेच्या सहलीला आलतो ना जालन्याहून. अहो, तुम्ही आत गेलायत ना?”

मीही शाळेत असताना साताऱ्याहून सहलीला गेलो होतो आणि असाच वाकून खाली बघितल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. मी छताची नक्षी बघू लागलो. आणि तेव्हा एकदम लक्षात आलं, की इतक्या वर्षांत काकांनी मिनार सांगितले, घुमट सांगितला, मागचा डोंगर, पुढची कारंजी, सगळं सांगितलं, पण आतलं कधी काहीच सांगितलं नव्हतं.

“यू नेव्हर वेंट इन, बाबा?” प्रज्ञाने अगदी हळू विचारलं.

काका बाहेर येऊन अंगणातल्या कट्ट्यावर बसले. “घरचाच होता गं तो,” ते म्हणाले. “कॉलेजच्या गच्चीवरून रोज दिसायचा. घरचं कोण आत जाऊन बघतं? वाटायचं, जाऊ कवाबी. मग हिकडं आलो. सुट्टीला गेलं की कुणाचं लग्न, कुणाची मयत, आईचा मोतीबिंदू, बँकेचं केवायसी. येताना विमानतळाच्या रस्त्यावर म्हणायचो, पुढच्या टायमाला. खलास.”

त्या दुपारी आम्ही शाही जिंदाला गेलो. दोन्ही बाजूंना निळ्या कबरींची ती अरुंद गल्ली इतकी सुंदर, की बोलणंच सुचू नये. दिलनोझा नेहमीप्रमाणे वळून म्हणाली, “अंकल, आप के वहाँ क्या है?” काका म्हणाले, “कुछ नहीं बेटा. मफी.” मफी म्हणजे बहरीनच्या अरबीत ‘नाही’. काकांनी कधीतरी गप्प बसावं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं देव पाण्यात घातले होते आणि आता ते गप्प होते तर मला त्या गल्लीत चालवेना. शेवटी मीच म्हणालो, “काका, ही फरशी बघा. आमच्या साताऱ्यात...” साताऱ्यात असली फरशी नाही, कधी नव्हती. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पाठीवर थाप मारली.

परत आल्यावर बरेच दिवस वरून आवाज कमी यायचा. औरंगाबादचं कॉलेज हा विषय काकांनी स्वतःच बंद केला. “कोणत्या तोंडानं सांगू?” एवढंच म्हणाले. प्रज्ञाला अहमदाबादला प्रवेश मिळाला. ती निघायच्या आदल्या दिवशी मी पेढे घेऊन वर गेलो, तर हॉलमध्ये एक मोठं चित्र लावलेलं. प्रवेशासाठी पाठवलेल्या चित्रांतलं सगळ्यात चांगलं तेच, असं वहिनी म्हणाल्या. मकबऱ्याचं आतलं दृश्य. संगमरवरी जाळी, वरून झिरपणारा उजेड, आणि मध्ये उंच, चांगला पुरुषभर उंचीचा चौथरा, त्याच्यावर कबर. बघणारा एक माणूस मान वर करून उभा.

“अगं, कबर खाली आहे ना?” मी न राहवून म्हटलं.

“आय नो, अंकल,” ती म्हणाली. “बट धिस इज बाबाज मकबरा.”

काका आतल्या खोलीत तिची बॅग भरत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

आता ती गेली. परवा काका खाली आले, दार लोटून घेतलं आणि हळूच सांगू लागले, की प्रज्ञाचा मेसेज आलाय. तिच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी रजा काढून औरंगाबादला यायचं, ती अहमदाबादहून थेट तिकडे येईल आणि त्यांना मकबरा दाखवील. यंदा कुणाचं लग्न नाही, कुणी आजारी नाही, आणि तरी ते गावाला निघालेत. असं पहिल्यांदाच होतंय. बापाला त्याचं गाव आता लेक दाखवणार, हे सांगताना त्यांना हसू येत होतं, पण डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

मग खुर्ची जवळ ओढून, वर वहिनींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते मला म्हणाले, “तुम्ही बघितलाय ना आतून? जरा सांगा की, कुठून चढायचं, कुठं वाकायचं. पोरीसमोर पुन्हा चुकायला नको.”

मला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं मी सांगितलं. काका ऐकत राहिले.