अक्कांचं स्वतःचं दुखणं

अक्का हॉलमध्ये शिरल्या की आधी चप्पल काढायच्या, मग डाव्या हाताने उजवा दंड दाबून बघायच्या, केळं पिकलंय का बघावं तसा. दुखला की चेहरा खुलायचा. "दुखस व माय," मला सांगायच्या, "आज जोरमा दुखस."

जळगावात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मी बायकांचा व्यायामाचा क्लास घेते. अंग दुखलं तर काय करायचं हे सांगणं माझं काम. आधी अंग मोकळं करा, दुखलं तर गरम पाण्याने शेका, थोडं चाला, आज दंडांचा व्यायाम केला तर उद्या पायांचा करा. बाकीच्या बायका माना डोलवायच्या. अक्का गोंधळात पडायच्या आणि मलाही पाडायच्या. "इतली मेहनत करीसन दुखाले लागनं," त्या विचारायच्या, "मंग ते घालवानं कसाले?"

एकदा दंड दुखेनासे झाले, तर काळजीने जवळ आल्या. "आज काहीच दुखत नही. मनं काही चुकनं का?" शरीराला सवय झाली, हे चांगलंच लक्षण आहे, असं मी समजावलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही.

"जनमभर कापूस येचा, कंबर मोडी गयी. ते बठ्ठं घरनासाठे," शेकायची पिशवी मला परत देत त्या म्हणाल्या. "हाई मनं सोतानं दुखनं शे." 

दुखणं मिरवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती घरात मिरवतात. अक्का घरच्यांपासूनच लपवायच्या, कारण मुलाने क्लासला पाठवताना एकच अट घातली होती, "दुखायला लागलं की बंद, आई." मांड्या ठणकत असल्या तरी घरात खाली बसताना त्या हूं की चूं करायच्या नाहीत.

मग आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली. अक्कांची धुळ्याला दिलेली लेक माहेरी आली. आखाजीला खापरावरचे मांडे हवेतच, आणि आमच्या गल्लीत मांडे म्हणजे अक्कांचेच. आदल्या दिवशी हातांना आराम द्या, असं मी बजावलं होतं. अक्कांनी उलट नेहमीपेक्षा जास्त डंबेल्स उचलले. "सकाय मोठा मांडा करना शे," म्हणाल्या, "आज ताकद भरी लेस."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर तापलं होतं. अक्कांनी पुरण भरलेला उंडा हातांवर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत पसरवू लागल्या आणि हात थरथरले. मांडा मधेच फाटला, पुरण चुलीपुढे पडलं. दुसराही फाटला. लेक उठून उभी राहिली. मुलगा म्हणाला, "आई, हात दुखताहेत का तुझे? त्या क्लासमुळे?"

अक्कांनी एकवार माझ्याकडे बघितलं. "क्लासनं काय? आते म्हतारपन उनं, दुसरं काय."

क्लास वाचला असं मला वाटलं, म्हणून मीही गप्प राहिले. पण घरच्यांनी ते म्हातारपण खरं मानलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि परत जाताना ती आईला धुळ्याला घेऊन गेली, आता तू फक्त आराम करायचा म्हणून. खरं तर दोन-चार दिवसांत जाणारं दुखणं होतं ते. पण खरं सांगितलं असतं तरी क्लास बंद, खोटं सांगितलं तरी बंदच. मग करायला काय हवं होतं, ते मला अजून उमगत नाही. अक्कांची फार आठवण येते, एवढं मात्र कळतं.

परवा त्यांचा फोन आला. लेक पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही म्हणाल्या. मी विचारलं, "दंड दाबून बघता की नाही?"

"रोज दाबस," त्या म्हणाल्या. "काहीच दुखत नही व माय."

बरं झालं, असं मी क्लासमध्ये रोज कुणाला ना कुणाला म्हणते. अक्कांना म्हणायला माझी जीभ रेटेना.