स्लाडेक यांचं उघडं छप्पर

कर्स्टन उद्या पहाटे छपरावर एकटीच चढणार आहे, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

कर्स्टन माझी मुलगी. वय छत्तीस. अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या पश्चिमेला आमच्यासारख्या ज्या सोसायट्या आहेत, तिथल्या घरांची छपरं आणि साइडिंग, म्हणजे बाहेरच्या भिंतींवरचं पट्ट्यांचं आवरण, बदलणं हा तिचा धंदा. नर्सिंग तिने दोन वर्षांत सोडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आई, माणसं कण्हतात. छपरं कण्हत नाहीत." गारा पडल्या की सगळं गाव रडतं आणि माझी मुलगी शिडी धुऊन ठेवते. तिचा उजवा गुडघा कामातून गेलाय. नवरा त्याआधीच गेला, पण गुडघ्याचं तिला जास्त वाईट वाटतं. दुपारी आढ्यावर घोडा केल्यासारखी बसून ती खिमा-कोबी भरलेला पाव खाते. मी खालून बघत नाही. बघितलं तर मला जेवण जात नाही.

आमच्या सोसायटीत दोनशे बारा घरं आणि मंजूर रंग तीन: ओली वाळू, कोरडी वाळू आणि नुसती वाळू. नियम लिहिले अध्यक्ष व्हर्नन स्लाडेक यांनी. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काम नाही. त्यांचा सगळ्यात लाडका नियम असा, की घराचा नंबर भिंतीच्याच रंगात रंगवायचा, म्हणजे डोळ्यांना खुपत नाही. नाहीच खुपत. दिसतही नाही.

मंगळवारी कर्स्टनला एकोणतीस नंबरचं छप्पर काढायचं होतं. तिने शिडी लावली सत्तावीसला, म्हणजे स्लाडेक यांच्या घराला. ते चर्चमध्ये पॅनकेक खायला गेले होते. अकराला परत आले, तेव्हा त्यांचं निम्मं छप्पर कचऱ्याच्या मोठ्या पेटीत पडलेलं होतं.

"अगं ए, हे काय चाललंय?" ते गाडीतूनच ओरडले.

"अहो स्लाडेक, गाडी पुढे घ्या. खिळे पडतायत."

"बाई, हे माझं घर आहे!"

कर्स्टनने वाकून भिंतीवर नंबर शोधला. सापडला नाही. "कशावरून?" तिने विचारलं.

तो प्रश्न तिने विचारायला नको होता. त्यांना अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही आणि तेच त्यांना लागलंय.

तरी तिने चूक लगेच कबूल केली. शेजारच्या घरासाठी आणलेल्या शिंगल्स, म्हणजे छपरावर ठोकायच्या पट्ट्या, ट्रकवर होत्या, रंगही तोच. "संध्याकाळपर्यंत फुकट बसवून देते," म्हणाली. स्लाडेक यांची मान होकारार्थी हलायला लागली होती, पण मध्येच थांबली. प्रत्येक घराला कमिटीची वेगळी मंजुरी लागते. मंजुरीशिवाय एक जरी शिंगल ठोकली, तर कंत्राटदाराचं नाव मंजूर कंत्राटदारांच्या यादीतून कायमचं जातं. हेही त्यांनीच लिहिलेलं. मग ताडपत्री टाकली. रस्त्यावरून दिसणारी ताडपत्री दोनच दिवस चालते, म्हणून आज सकाळी त्यांनी स्वतःच्या घराचा फोटो काढला आणि स्वतःलाच नोटीस पाठवली. माणूस खोटा नाही, एवढं मात्र मी म्हणेन.

उद्या दुपारी वादळ येणार आहे. गारांचं. ताडपत्री आत्ताच फडफडतेय.

"मी पहाटे चढते," कर्स्टन संध्याकाळी म्हणाली. "बारापर्यंत झाकून होईल."

"आणि यादी?"

"जाऊ दे यादी. म्हाताऱ्याच्या पलंगावर पाणी पडलं म्हणजे? मीच उघडं केलंय ना?"

"तुझं निम्मं काम इथलं आहे, कर्स्टन. बाकीच्या सोसायट्याही हीच यादी बघतात."

"माहीत आहे गं."

"निदान माणसं तरी ने बरोबर."

"त्यांना कशाला अडकवू? घोटाळा माझा आहे. आणि तू खिडकीत उभी राहू नकोस, मला तुझं तोंड वरून दिसतं."

कमिटीत आम्ही तिघं आहोत. घर स्लाडेक यांचं, म्हणून त्यांना मत नाही. मुलगी माझी, म्हणून मलाही नाही. उरली डोरीन. तिचं एक 'हो' पुरेसं आहे, पण ती अलास्काच्या सहलीच्या बोटीवर आहे आणि आणखी तीन दिवस ईमेल उघडणार नाही. स्लाडेक तिला फोन करणार नाहीत; स्वतःच्या घरासाठी मत मागणं त्यांना लाच वाटतं. मी करू शकते. मीही आत्तापर्यंत तत्त्वाचंच नाव सांगत होते, की मुलीसाठी शब्द टाकायचा नाही वगैरे.

ते खरं नाही. डोरीन आणि मी दीड वर्ष बोलत नाही. तिला तिच्या घराचं दार जांभळं करायचं होतं आणि मी विरोधात मत दिलं. दार छान दिसलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. स्लाडेक माझ्याकडे बघत होते, म्हणून मी हात वर केला, एवढंच.

कर्स्टन तिच्या चुकीसाठी उद्या धंदा पणाला लावणार आहे. मला फक्त एक नंबर फिरवायचाय. आधी दाराबद्दल माफी मागायची, मग छपराबद्दल विचारायचं. ती ओरडेल, जांभळ्यावरून मला काय काय ऐकवेल, आणि ते सगळं ऐकून घ्यायचं. बोटीवर आत्ता नऊ वाजले असतील, म्हणजे बाई जुगाराच्या यंत्रासमोर बसलेली असणार आणि पहिल्या वेळी उचलणार नाही. उचलेपर्यंत करीन.