अठराची सायकल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मध्ये हसलात तर मी सांगायचा थांबेन. माणूस किती शहाणपणाने गाढवपणा करू शकतो, याचं मी स्वतःच उदाहरण आहे.

तेव्हा मी पंचवीसचा. धुळ्यात एका ऑइल मिलच्या ऑफिसात कारकून. लग्न नाही, जबाबदारी नाही, आणि नव्वदीची नुकती कुठे सुरुवात झालेली. एक दिवस रद्दीवाल्याकडे परदेशी मासिक हाती लागलं. त्यात फोटो काय, तर एक गोरा माणूस सायकलवर बसून डोंगरावरून खाली येतोय. येतोय म्हणजे, उडतोय! दोन्ही चाकं हवेत. खालचं इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळलं. एवढं मात्र कळलं की त्या सायकलला अठरा गियर आहेत.

झालं! आपल्यालाही असं डोंगर उतरायचंय. धुळ्याजवळ लळिंगची टेकडी आहेच की! ती काय फक्त बघायला ठेवलीय?

दिवाळीचा बोनस मिळाला. भाऊबीजेला जळगावला बहिणीकडे, मेहरूणला गेलो. ओवाळणी टाकली, उरलेला बोनस खिशात घट्ट धरला आणि थेट सायकलच्या दुकानात.

"काय पाहिजे भाऊ?" दुकानदाराने विचारलं.

"सायकल. उतारासाठी."

"उताऱ्यासाठी?" तो चक्रावला. "सातबाराच्या? तलाठ्याकडे तर कोणतीबी सायकल चालते की!"

"तसा उतारा नाही हो! डोंगराचा उतार."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि तीन सायकली दाखवल्या. पहिली साधी काळी, दूधवाल्याची. दुसरी बारीक टायरची. आणि तिसरी! भडक हिरवा रंग, जाडजूड टायर, सरळ आडवं हँडल, आणि दांडीवर एक गोल चिठ्ठी. तिच्यावर आकडा, अठरा.

माझ्या छातीत धडधडलं. तरी खात्री केलेली बरी, नाही का? मी अगदी जाणकाराच्या थाटात विचारलं, "ही अठराची आहे ना?"

"एकदम अठराची. तुमच्या उंचीला बरोबर बसेल."

आता सांगा, इथे कोणाच्याही डोक्यात उजेड पडला असता की नाही? माझ्या डोक्यात काय आलं? वा! परदेशात माणसाची उंची बघून गियर ठरवतात! काय शास्त्र पुढे गेलंय!

सायकल एसटीच्या टपावर बांधून धुळ्याला आणली. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सोनवणेला सांगितलं, "अठरा गियरची घेतली." सोनवणे म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. दुपारच्या चहापर्यंत गोदामातले हमालसुद्धा मला विचारायला लागले, "साहेब, अठरा गियर म्हणजे ट्रकपेक्षा जास्ती ना?"

"जास्ती म्हणजे? तिप्पट!" मी म्हणालो.

मग सुरू झाली सायकलची सुधारणा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी देविदास नानांचं सायकलचं दुकान होतं. साठीचा माणूस, हात कायम ग्रीसने काळे, बोली अहिराणी, म्हणजे 'आहे'ला 'शे' म्हणणारी. मी मासिकातला फोटो त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "नाना, अशी करायची. पण थोडक्यात बसवा."

नानांनी आधी फोटो पाहिला, मग सायकल पाहिली, मग मला पाहिलं.

"भाऊ, फोटोतल्या सायकलले मागे दातेरी चकत्यांची उतरंड शे. तुनी सायकलले एकच शे. गियर कोठे शेत?"

"आत असतात नाना. नवीन पद्धत."

"आत?"

"आत."

नाना मान हलवत कामाला लागले. पुढच्या फोर्कला भंगारातल्या मोपेडच्या स्प्रिंगा बसवल्या. सीट पार खाली केली. फोटोतल्यासारखं रुंद हँडल हवं, म्हणून नळाचा पाइप कापून लावला. तो जरा बारीक होता, त्यामुळे मुठीची रबरं सैल बसायची आणि हाताखाली गरगर फिरायची.

आणि इथेच माझ्या बुद्धीने कळस गाठला. स्कूटरचे गियर कुठे असतात? डाव्या मुठीत. मग हे काय आहे? मूठ फिरतेय की! मी गल्लीत चक्कर मारली, मूठ फिरवली, आणि आईशप्पथ सांगतो, मला सायकल हलकी लागली! परत उलटी फिरवली, जड लागली!

शेवटी नाना म्हणाले, "आते फक्त ब्रेकचं काम राहिनं. हे कंपनीचे रबरी गुटके पार कडक शेत. नवे टाक, तारा बदल."

पैसे स्प्रिंगांमध्ये संपले होते. पण मी तसं थोडीच सांगणार? मी नानांना उलट ज्ञान दिलं. "नाना, ट्रकवाले घाट कसा उतरतात? ब्रेकवर नाही, गियरवर! पहिला गियर टाकायचा, गाडी आपोआप दबते."

"ते ट्रक शे भाऊ."

"आणि ही ट्रकच्या तिप्पट आहे!"

डिसेंबरातला रविवार ठरला. सोनवणेने ऑफिसभर दवंडी पिटली होती, त्यामुळे लळिंगच्या पायथ्याशी पंधरा-वीस माणसं जमली. कोणी भजी आणली, कोणी सतरंजी. देविदास नानासुद्धा आले, बरोबर पाना आणि मलमपट्टीचं सामान घेऊन. मला त्यांचा तेव्हा रागच आला. माणसाने जरा तरी विश्वास ठेवावा की नाही?

टेकडीच्या अर्ध्यावरून ट्रॅक्टरची कच्ची वाट खाली येते. तिथवर सायकल ढकलत नेली. डोक्यात सोनवणेचं स्कूटरचं हेल्मेट. त्याचं डोकं माझ्यापेक्षा मोठं, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला ते नाकावर यायचं. मी हात उंचावला. खालून टाळ्या. आणि निघालो.

पहिली पन्नास पावलं स्वर्ग होती हो! वारा, स्प्रिंगांची कुईकुई, मी अगदी फोटोतल्यासारखा. मग वाट अचानक खाली वाकली. वेग वाढला. मी शांतपणे मनात म्हटलं, आता पहिला गियर. मूठ फिरवली.

काही नाही.

आणखी फिरवली. दुसऱ्या बाजूला फिरवली. मग दात खाऊन अशी काही पिळली की अख्खी मूठ उपटून माझ्या हातात आली!

दोन्ही ब्रेक आवळले. ते नुसते चीं करून हसले. पाय खाली टेकवले, तर चपला मागे राहिल्या आणि मी पुढे गेलो. हेल्मेट डोळ्यांवर. आता मला काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. सतरंजीवरून लोक पळाल्याचा आवाज, भज्यांची परात उलटल्याचा आवाज, आणि नानांचं ओरडणं, "गियर टाक भाऊ, गियर टाक!" हा माणूस चेष्टा करत होता का मनापासून बोलत होता, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मग एक बांध आला. सायकल बांधाला थांबली. मी नाही थांबलो.

पडलो तो थेट गार चिखलात, तोंडावर. कांद्याची लावणी चालू होती. नुकतेच पाणी भरलेले वाफे आणि त्यात चार बाया ओळीने रोप लावत होत्या. मी तीन ओळी साफ झोपवल्या होत्या. हेल्मेट वर केलं, तर समोर कमरेवर हात ठेवून एक म्हातारी अक्का उभी.

"लागनं का रे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ऊठ! सारं रोप दाबी टाकं! ब्रेक नही शेत का तुनी सायकलले?"

तेवढ्यात नाना धापा टाकत आले. हात-पाय चाचपून बघितले, सगळं शाबूत. मग ती दांडीवरची गोल चिठ्ठी नखाने खरवडून माझ्यापुढे धरली.

"भाऊ, हाऊ अठरा म्हणजे दांडीनं माप. अठरा इंची. गियर नही. आणि सांगू? अठरा गियर राहते तरी उतारावर सायकल ब्रेकनीच थांबती."

बांधावर सगळं ऑफिस उभं. सोनवणे हसून हसून खाली बसलेला.

मला कुठेतरी तोंड लपवायचं होतं. मी विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि मोडलेल्या ओळी पुन्हा लावायला बसलो. अक्काने एकदा दाखवलं, रोप कसं धरायचं, अंगठ्याने किती खोल दाबायचं. तासाभरात तिन्ही ओळी उभ्या केल्या. वर बांधावर ऑफिसची मंडळी उरलेली भजी खात माझं काम बघत होती.

अक्का आली. वाकून एकेक रोप बघत ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. त्या दिवसात माझं पहिलं आणि शेवटचं कौतुक तिनेच केलं.

"हात बरा शे तुना. उद्या बी ये कामाले, मजुरी देसू," ती म्हणाली आणि बांधावर उताण्या पडलेल्या सायकलीकडे बघत पुढे बोलली, "फक्त पायी ये!"