पूजेत बसलेला कम्प्युटर

अकोल्याच्या कम्प्युटरचा नेटवर्कचा पत्ता मी अमरावतीत बसून बदलला आणि स्वतःला बाहेर कोंडून घेतलं. एरवी माणूस आत कोंडला जातो. मी बाहेर कोंडले गेले.

तेव्हा मी कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात होते. नातवंडं व्हायची होती, कम्प्युटरचा कोर्स झालेला होता, आणि चालण्यात असा तोरा, जणू इंटरनेट माझ्याच माहेरून आलंय. अकोल्याच्या वजनकाट्याचा कम्प्युटर इथून माझ्या स्क्रीनवर दिसायचा. खंडेनवमीला काटा बंद, म्हणून मी तोच दिवस निवडला. नवा पत्ता भरला. बाहेरचा रस्ता म्हणून मात्र सवयीनं अमरावतीचाच गेटवे टाकला, आणि ओके दाबलं. स्क्रीन गोठली. नवा पत्ता लावून पाहिला, जुना लावून पाहिला. तिकडून उत्तर नाही.

दसऱ्याला सकाळी कापूस खरेदीचा मुहूर्त होता. पहिली गाडी काट्यावर चढणार, आणि तिचं वजन अमरावतीत मालकांच्या स्क्रीनवर दिसणार, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

अकोल्याला काटेदाराला फोन लावला. "भाऊ, तो कम्प्युटर उघडा. मी सांगते ते आकडे भरा."

"कसा उघडू म्याडम? सकाळीच पूजा झाली. हयद-कुकू लावलं, हार घातला. आता उद्या पूजा उठल्याबिगर हात लावता येत नाही."

"अहो, दोनच आकडे आहेत."

"वजनाच्या मापासंगं कम्प्युटरबी पूजेत मांडा, असं कोन सांगतलं होतं? तुमीच ना?"

मीच. आधुनिक दिसावं म्हणून.

एस.टी.त बसले. मूर्तिजापूरच्या आसपास मालकांचा फोन आला. "उद्याचं सगळं तयार आहे ना?" "हो साहेब," म्हटलं, आणि उरलेली वाट खिडकीच्या गजाला धरून बसले. बसमधून उतरावं तरी जायचं कुठे? मागे मालक, पुढे काटेदार.

अकोल्यात कम्प्युटर झेंडूच्या हारात आरामात बसला होता. काटेदार दारातच स्टूल टाकून. मी खूप गोड बोलले, थोडी रागावलेही. तो हलला नाही. रात्र बहिणीकडे काढली, डोळा लागला नाही.

सकाळी त्यानं पूजा उठवली, हार काढला, स्क्रीनवरचं कुंकू सदऱ्याच्या बाहीनं पुसलं. मी गेटवे बदलला. बाहेर पहिली गाडी काट्यावर चढली, आणि अमरावतीहून मालकांचा फोन आला की वजन दिसलं.

काटेदारानं माझ्या हातात पेढा ठेवला आणि म्हणाला, "म्याडम, पुढच्या साली कम्प्युटर मोकळा ठेवतो अन् तुमालेच पूजेत बसवतो. एक दिवस तरी तुमचा हात कशाले लागाले नाही पायजे."