रबराला विचारणारे शक्की चाचा

आमच्या घरचा चहासुद्धा शक्की चाचा आधी हुंगायचे. मग बशीत ओतून त्याच्याकडे असं बघायचे, की करणाऱ्या बाईचा जीव वरखाली व्हावा. लातुरात नांदेड रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि जुन्या ट्रकांचे ब्रेक हेच त्यांचं काम. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. माझे यजमान स्वतःचा जुना ट्रक चालवायचे, त्यामुळे चाचांचा संशय माझ्या संसारालाही चांगलाच चिकटला होता.

उघडून ठेवलेल्या डब्यातलं ब्रेक ऑइल ते कधी वापरत नसत. "उघडा डबा हवेतलं पाणी पिऊन राहिला," म्हणायचे आणि उरलेलं सरळ टाकून द्यायचे. ब्रेकमधली हवा काढताना बाहेर आलेलं तेल एक ड्रायव्हर परत टाकीत ओतायला निघाला, तर चाचांनी त्याला गॅरेजबाहेर काढलं. सीलबंद डबाही त्यांच्या लेखी आरोपीच. त्यातलं थोडं तेल वाटीत काढून त्यात ब्रेकचं एक नवं रबर रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी ते कोऱ्या रबराशेजारी धरायचे. जरा जरी फुगलेलं दिसलं, की डबा बाद. "डब्यावर लिवलंय त्ये लिवणाऱ्याचं म्हणणं हाय, बेटी. रबराला इचारल्याबिगर मी भरत न्हाई."

पुढे लातुरात शिकवणी वर्गांचं पीक आलं. आम्हीही मुलाला एका वर्गात घालायला निघालो, तर न बोलावता चाचा बरोबर. भिंतभर लावलेले हुशार मुलांचे फोटो त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिले आणि तिथल्या सरांना विचारलं, "नापास झालेल्यांचे कुटं लावलेत?" त्या वर्गात मुलाचा प्रवेश झाला नाही, हे सांगायला नकोच. मी कित्येक दिवस चाचांशी बोलले नाही.

पण त्यांच्यावर मी खरी भडकले होते ती त्याआधी, भूकंपाच्या वेळी. माझा भाऊ औशाच्या पुढे एका खेड्यात राहायचा. घर पडलं, माणसं वाचली, आणि सगळी पावसात उघड्यावर. त्या गावाला न्यायचे निवाऱ्याचे पत्रे अड्ड्यावर तयार होते. आमचा ट्रक मात्र चाचांकडे ब्रेक खोलून उभा. नव्या डब्यातल्या तेलात रबर फुगलं, म्हणून चाचांनी तो डबा फेकला, दुसरा आणवला आणि पुन्हा रबर भिजत घातलं. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम अडवतोय. दुसऱ्या कुणाची गाडी आधी काढायची असेल. मी तोंडावर बोललेच, "तिकडं लेकरं भिजून राहिलीत चाचा, अन् तुम्ही रबर भिजवत बसलात!"

चाचा चिडले नाहीत. म्हणाले, "फुगलेलं रबर अडकतंय, ब्रेक तापतोय, अन् उतारावर पायाखालचं पॅडल तळाला जातंय. मंग कुणाला बोलशील?"

सकाळी रबर जसंच्या तसं निघालं. तेल भरलं, ट्रक निघाला, तर चाचाही चढून बसले. दुरुस्त केलेल्या गाडीच्या पहिल्या फेरीला ते स्वतः जायचेच. आपल्या हातांवरही त्यांचा भरवसा नव्हता. मीही बसले.

त्या दिवसांत मदतीची गाडी आपल्याला सोडून पुढच्या गावी जाईल, या धास्तीने लोक रस्त्यात आडवे उभे राहायचे. भावाच्या गावाचा उतार लागला, वळण संपलं, आणि समोर दोन्ही हात पसरून माझा भाऊच! त्याच्या मागे बायका, पोरं. माझ्या यजमानांनी सगळा भार ब्रेकवर टाकला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा भाऊ ट्रकच्या तोंडाला हात टेकून उभा होता.

चाचा खाली उतरले. एकेका चाकाला हात लावून पाहिला आणि मग भावाची गचांडी धरली. "येणारी गाडी थांबंलच, असं कुनी सांगितलं रे तुला?" एवढं ओरडून त्यालाच मिठी मारून रडायला लागले. मीही रडले. आदल्या दिवशी ज्याला वाट्टेल ते बोलले होते, तो माणूस त्या क्षणापासून मला बापाच्या जागी झाला.

चाचा गेल्याचा फोन भावानेच केला. मी त्याच्यावर खेकसले. कुणी सांगितलं तुला? कुणी डोळ्यांनी बघितलंय? नीट चौकशी तरी केलीस का?

तो म्हणाला, "आक्का, खांदा देऊन आलोय."