सवत-सान

बातमी आली तेव्हा मी प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होते. श्रीधरचे प्रयोगशाळेतले सहकारी मोरिता-सान फोनवर बराच वेळ नुसती माफीच मागत राहिले. माझा नवरा स्टेपच्या गवताळ मैदानात, त्याच्या लाडक्या खाऱ्या सरोवराच्या काठी, सकाळचे नमुने घेता घेता कोसळला होता. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते... शेवटीसुद्धा तिच्याकडेच गेला!

मराठीत सरोवर ‘ते’ असतं हे मलाही कळतं. पण दर उन्हाळ्यात दोन महिने नवरा घेऊन जाणारीला ‘ते’ कोण म्हणेल? मी तिला सवत म्हणायचे. श्रीधरला ते इतकं आवडलं, की त्याने प्रयोगशाळेतही तेच नाव चालू केलं. मोरिता-सान बिचारे नमुन्यांच्या बरण्यांवर जपानी अक्षरांत ‘सावातो’ लिहायचे आणि इथे जपानात आमच्या ओजिमा भागातल्या घरी जेवायला आले की मलाच सांगायचे, ‘‘सवत-सान यंदा मजेत आहेत.’’

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात तर कहर झाला. जमीन अजून अधूनमधून हलत होती, बिल्डिंगमधली कितीतरी ओळखीची कुटुंबं भारतात परतली होती, आणि हा बॅग भरत होता. ‘‘अगं, तिचं पाणी उतरतंय. यंदाची मोजणी चुकवून कसं चालेल?’’ मी नवव्या मजल्यावर, दाराशी बूट आणि पाण्याच्या बाटल्या ठेवून एकटी राहिले. परत आला तो तिचंच कौतुक घेऊन. तिच्यात नद्या येतात, बाहेर एकही जात नाही. पाणी उन्हात उडून जातं, क्षार मागे उरतात. त्या पाण्यात मासा टिकत नाही, पण नखाएवढे झिंगे मायंदाळ होतात आणि लांबून आलेले पक्षी त्यांच्यावर पोसतात. काठावर पांढरा सोडा फुलतो. ‘‘तुझा पापडखारच की गं!’’ माझ्याकडे त्याने इतकं निरखून कधी पाहिलं होतं?

मग त्याने घरी आणून ठेवलेली सोड्याची बरणी मी उघडली आणि तो सोडा घालून उडदाचे पापड लाटले. चुकून झालं, असं त्याला सांगितलं. चुकून कसलं! त्या वर्षाचा सोड्याचा नमुना गेला, तरी हा चिडला नाही. भाजलेला पापड मोडत म्हणाला, ‘‘छान झालेत. तिचा हात लागलाय.’’ मी दोन दिवस बोलले नाही.

गेल्या आठवड्यात मोरिता-सान त्याचं सामान घेऊन आले. बूट काढून, फोटोसमोर बसून राहिले. निघताना त्यांनी एक बरणी पुढे केली, शेवटच्या सकाळी श्रीधरने भरलेली.

‘‘सवत म्हणजे काय, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या बायकोची मैत्रीण, असं म्हणाले. बरोबर ना?’’

लबाड! चूक सुधारायला तोंड उघडलं... आणि म्हटलं, ‘‘बरोबर. कशी आहे ती?’’

‘‘खूप आटली आहे.’’

बरणी मी ओट्यावर, पापडखाराच्या डब्याशेजारी ठेवली आहे. अजून उघडलेली नाही. त्याचा हात शेवटचा तिला लागला, मला नाही, हे मी विसरणार नाही. पण रोज सकाळी चहा टाकताना तिच्यावरची धूळ मात्र मीच पुसते.